धुण्यातला डाग



बचत गटाची बैठक संपली, सतरंज्या गुंडाळून झाल्या, तरी ती एकटीच मागे रेंगाळत होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, "ताई, ह्यांच्या चड्डीवर पिवळा डाग दिसतोय. चार दिवस झाले. लघवीला गेले की कण्हतात. विचारलं तर अंगावर धावून आले. खिशात गोळ्यांची अर्धी पट्टी सापडली. मला काही झालं नसेल ना?"

तिचा प्रश्न मनातून जाईना. नवऱ्याचं दुखणं त्यानं कितीही लपवलं, तरी घरातलं धुणं बाईच धुते. म्हणजे खूण पहिली तिलाच दिसते, आणि त्याबद्दल बोलायची बंदीही तिच्यावरच!

बाईच्या 'अंगावरून जाण्या'बद्दल आपण आता बरंच बोलतो. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या आणि १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. ९२ टक्के स्त्रियांना प्रजनन अवयवांचा काही ना काही आजार होता आणि त्यासाठी आधी तपासणी-उपचार झाले होते फक्त ८ टक्के जणींचे. त्यानंतर आपण शिबिरं घेतली, पोस्टर रंगवले. पण पुरुषाच्या अंगावरून जातं, त्याचं काय? ते अजून 'गुप्तरोगा'च्या पाट्या रंगवणाऱ्या भोंदूंच्या हवाली आहे. र. धों. कर्व्यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' सुरू केलं आणि असल्या विषयांवर उघड लिहून कोर्टाच्या पायऱ्या चढल्या. इतक्या वर्षांनंतरही आपण कुजबुजतोच आहोत.

म्हणून आज सरळच लिहिते.

लघवीच्या जागेतून पू किंवा चिकट पाणी येणं, लघवीला जळजळ होणं, टोकाशी खाज किंवा लाली येणं ही बहुतेक वेळा लैंगिक संबंधातून आलेल्या जंतुसंसर्गाची लक्षणं असतात. परमा, म्हणजे गनोरिया, साधारण दोन ते पाच दिवसांत दिसतो आणि पू दाट, पिवळा-हिरवट असतो. क्लॅमिडियाला एक ते तीन आठवडे लागतात, स्राव पातळ असतो, कधी नसतोही. दोन्ही एकाच वेळी असू शकतात. नुसतं बघून कुठला जंतू ते ठरत नाही, त्यासाठी लघवीची किंवा स्रावाची तपासणी लागते.

झोपेत वीर्य जाणं हा मात्र आजार नव्हे. 'धातू जातो, ताकद जाते' अशी भीती घालून कित्येक तरुण पोरांची कमाई लुटली जाते. आपल्या मुलांना हे आपणच सांगायला हवं.

आता मुद्द्याचं. पुरुषाला बहुधा चार दिवसांत कळतं. बाईला मात्र पुष्कळदा काहीच कळत नाही. ना दुखत, ना खुपत. जंतू आतल्या आत गर्भाशयात, बीजनलिकांत चढतो. मग ओटीपोट दुखायला लागतं, नळ्या बंद होतात, गर्भ नळीतच राहून जिवावर बेततं. बाळंतपणात संसर्ग बाळाच्या डोळ्यांत गेला आणि उपचार झाले नाहीत, तर बाळ आंधळंही होऊ शकतं. आणि मूल झालं नाही की वांझ कोण? तीच! नवऱ्यानं मेडिकलमधून गुपचूप आणलेल्या गोळ्यांचा हिशेब कोणीच मागत नाही.

त्या अर्ध्या पट्टीनं आणखी एक घात होतो. चुकीचं किंवा अर्धवट औषध घेतलं की लक्षणं दबतात, जंतू मात्र राहतो. परम्याच्या जंतूनं एकेक औषध पचवलं आहे. एकेकाळी पेनिसिलिननं बरा होणारा हा आजार आता त्याला दाद देत नाही.

म्हणून स्राव दिसला की थांबू नये, एक-दोन दिवसांत डॉक्टर गाठावा. वृषण सुजलं, एकदम जोरात दुखू लागलं, तर त्याच दिवशी, त्याच तासाला. कारण वृषणाला पीळ पडलेला असेल, तर काही तासांत ते निकामी होतं. ताप, लघवीतून रक्त, जननेंद्रियावर फोड, सांधे सुजणं, डोळे लाल होणं, यांतलं काही असेल तरीही उशीर नको. सोबत एचआयव्ही आणि गरमीची तपासणी करून घ्यावी. जिल्हा रुग्णालयांत आणि सरकारी मेडिकल कॉलेजांत लैंगिक आजारांच्या दवाखान्यात हे उपचार मोफत मिळतात. १०९७ या मोफत क्रमांकावर नाव न सांगता माहिती विचारता येते.

उपचार दोघांचे व्हायला हवेत. गेल्या दोन महिन्यांत ज्यांच्याशी संबंध आला त्या सगळ्यांना कळवायला हवं, त्रास नसला तरी. दोघांचं औषध पूर्ण होऊन सात दिवस जाईपर्यंत संबंध नको. नाहीतर एक बरा होतो, दुसऱ्याकडून पुन्हा घेतो.

'नको' हा शब्द लिहायला सोपा आहे, हे मला कळतं. रात्री त्या खोलीत तो उच्चारणं किती अवघड, हे तुम्ही मला सांगायला नको. म्हणून ही गोष्ट एकट्या बाईच्या गळ्यात घालू नये. डॉक्टरांनी, आरोग्यसेवकांनी त्या पुरुषालाच समोर बसवून सांगावं. मारहाणीची भीती असेल तर आधी आपल्या गटाशी बोला. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा अशा वेळीही आहेच.

आणखी एक. हा संसर्ग लक्षणांशिवाय कित्येक महिने अंगात राहू शकतो. त्यामुळे कोणी कोणाला दिला, कधी दिला, हे तपासणीच्या कागदावरून ठरत नाही. आपल्याकडे तर पुरुषाचा आजारही 'वाईट बाईकडून आला' म्हणतात, किंवा बायकोवरच संशय घेतात. भांडण नंतर करता येईल. औषध आधी.

मी तिच्यासोबत दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मिस्टर कुठे आहेत?" ती म्हणाली, "बाहेर. झाडाखाली उभे आहेत." बाईंनी मामांना पाठवलं. पाच मिनिटांनी तो आला, मान खाली घालून. दुसरी खुर्ची ओढली गेली.

ती दुसरी खुर्ची आपल्या प्रत्येक शिबिरात असायला हवी, असं मला त्या दिवसापासून वाटतं आहे. तुम्हांला काय वाटतं? जरूर लिहा.

तुमची,
संपादक