आमच्या राखीव जागा कुणी रिकाम्या ठेवल्या?

जालना जिल्हा परिषदेची निवडणूक फेब्रुवारी 2017 मध्ये झाली. मार्च 2022 मध्ये त्या सभागृहाची मुदत संपली आणि अध्यक्ष, सभापती, सदस्य सगळे घरी गेले. मुख्य कार्यकारी अधिकारी प्रशासक झाले. पुढची तीन वर्षे उलटली तरी गटागणांतून निवडून आलेला एकही माणूस सभागृहात नव्हता. 2011 च्या जनगणनेप्रमाणे हा 19 लाख 59 हजार लोकसंख्येचा जिल्हा, पाचातली चार माणसे खेड्यात राहणारी. तरीही याविरुद्ध ना मोठा मोर्चा निघाला, ना आमच्या गटातटांनी एकत्र बसून एखादे निवेदन दिले. हा दोष आधी आमचा.

कायदा काय सांगतो? 73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 पासून लागू झाली. तिच्यातल्या कलम 243-ई प्रमाणे पंचायतीची मुदत पाच वर्षे, त्याहून एक दिवसही जास्त नाही. आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक झालीच पाहिजे. राज्यकर्त्यांनी पहिले अर्धे वाक्य पाळले, दुसरे सोडून दिले. इंग्लंडमध्ये 2025 साली काही कौंटी कौन्सिलांच्या निवडणुका फेररचनेसाठी वर्षभर पुढे ढकलल्या, त्यावरही तिथे ओरड झाली. पण तिथे जुनेच सदस्य पदावर राहिले, जाब विचारायला माणूस तरी होता. आमच्याकडे सदस्यही गेले आणि मतदानही गेले.

कारण सांगितले जाते ओबीसी आरक्षणाचे. 4 मार्च 2021 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आकडेवारीची अट घातली आणि एकूण आरक्षणाला 50 टक्क्यांची मर्यादा सांगितली. जातनिहाय आकडे वेळेवर गोळा न करणाऱ्या सरकारांचे हे पाप आहे, ओबीसी बांधवांचे नाही. त्यांच्याविरुद्ध आपल्याला उभे करू पाहणाऱ्यांपासून सावध राहा. मात्र एक गोष्ट कुणी बोलत नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या जागा कलम 243-डी ने थेट दिलेल्या आहेत, लोकसंख्येच्या प्रमाणात. त्यांच्याबद्दल कोणत्याही न्यायालयात वाद नव्हता. मग त्या का गोठल्या? 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घेण्यास सांगितले, तीही मुदत टळली.

बाबासाहेबांनी 1932 मध्ये मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना अस्पृश्यांसाठी वेगळ्या प्रतिनिधित्वाची मागणी केली होती. 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत त्यांनी गावाचे गोडवे गाणाऱ्यांना खडे बोल सुनावले. गावगाड्याच्या हाती सत्ता गेली तर तिथे आपला माणूस बसलेला असावा, एवढाच त्याचा व्यवहारी अर्थ. आता राखीव जागेवरचा आपला सदस्य पुष्कळदा पाटलाच्या जीपमधून येतो आणि सांगेल तिथे सही करतो, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी तो सभागृहात असला की वस्तीतली माणसे त्याच्या दारात जाऊन भांडू शकतात. अधिकाऱ्याच्या दारात शिपाई उभा असतो.

मागे एका वस्तीतली मंडळी आमच्याकडे अर्ज लिहून घ्यायला आली. नाली मंजूर झाल्याचे ऐकले होते, ती दुसऱ्याच गल्लीत झाली. कुणाला विचारायचे, हा त्यांचा पहिला प्रश्न. आम्ही वकील असूनही क्षणभर गप्प झालो.

जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातला 20 टक्के सेस निधी मागासवर्गीयांसाठी असतो. दलितवस्ती सुधार योजनेचा पैसा वेगळा. प्रशासक काळात हे पैसे किती आले, कोणत्या गावात, कोणत्या वस्तीत आणि कोणत्या कामावर खर्च झाले, याचा वर्षवार हिशेब माहितीच्या अधिकाराखाली मागता येतो. अर्जाला दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाहीत. भोकरदन-जाफराबादपासून परतूर-मंठ्यापर्यंत आठही तालुक्यांतल्या कार्यकर्त्यांनी असा अर्ज टाकावा. मसुदा आम्ही फुकट लिहून देऊ. उत्तर तीस दिवसांत आले नाही तर अपिलाचे काम आमच्याकडे लागले.