शिस्त : शिक्षा की भरपाई?

महाविद्यालयात कोणी बाक मोडले वा सहाध्यायाचा पाणउतारा केला, की निलंबन हाच उपाय सुचतो. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंग प्रतिबंधक कायद्यात दोन वर्षांपर्यंत कारावासाची, तसेच काढून टाकलेल्या दोषी विद्यार्थ्यास पाच वर्षे अन्यत्र प्रवेश न देण्याची तरतूद आहे. छळास हे कठोर शासन उचितच होय. परंतु किरकोळ अपराधांनाही दाराबाहेर घालविण्याचाच न्याय लावावा काय?

शिक्षेचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. मुंबई-पुण्याचा मुलगा दुसरे महाविद्यालय गाठू शकतो. पोलादपूरच्या डोंगरातून एस.टी.ने महाडला येणाऱ्याचे शिक्षण कदाचित तेथेच संपते. आणि ज्याची हानी झाली, त्याच्या पदरी काहीच पडत नाही.

त्यापेक्षा दोघांना प्राध्यापकांसमक्ष बसवावे. अपराध्याने चूक कबूल करावी. मोडलेले बाक स्वतः दुरुस्त करावे. मात्र पीडिताची संमती हवीच. लादलेली तडजोड हा दुसरा अन्याय ठरेल. याच महाडात १९२७ साली चवदार तळ्यावर पाण्याबरोबर माणसाची प्रतिष्ठा मागितली गेली. दुखावलेल्यास ती परत मिळवून देणे आणि दुखावणाऱ्यास ती राखावयास शिकविणे, हेच शिस्तीचे प्रयोजन नव्हे काय?