'इन्स्टा' चूक नाही, जागा चुकली!



मागच्या चाचणीत नववीच्या एका मुलीने इंग्रजीत मुख्याध्यापकांना अर्ज लिहिला. स्नेहसंमेलनाचे 'पिक्स' शाळेच्या 'एफबी' आणि 'इन्स्टा'वर टाका, अशी विनंती होती. मी लाल पेनने गोल केले आणि दोन गुण कापले. पेपर मिळाल्यावर ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही पण फळ्यावर 'एक्झाम' लिहिता. 'एक्झामिनेशन' कुठे लिहिता?"

खरं सांगते, मला लगेच उत्तर देता आलं नाही.

शब्द तोडून लहान करणे ही इंग्रजीची जुनीच सवय आहे. कधी शब्दाचं डोकं ठेवतात: लॅबोरेटरीचं 'लॅब', फोटोग्राफचं 'फोटो'. कधी शेपूट ठेवतात: ऑम्निबसचं 'बस', टेलिफोनचं 'फोन'. इन्फ्लुएन्झाचा तर फक्त मधला 'फ्लू' उरला. आजची मुलं तेच करतात. इन्स्टाग्रामचं डोकं 'इन्स्टा', स्नॅपचॅटचं 'स्नॅप', तर काही जण नुसती शेपटी धरून 'ग्राम' म्हणतात. फेसबुकचं 'एफबी' आणि यूट्यूबचं 'वायटी' ही आद्याक्षरं. आद्याक्षरांचा हा खेळसुद्धा मोबाईलने आणलेला नाही. 'ओएमजी' हे रूप 1917 साली ब्रिटिश नौदलाच्या एका माजी प्रमुखाने चर्चिलना लिहिलेल्या पत्रात सापडतं!

म्हणजे शब्द चुकीचा नसतो, त्याची जागा चुकते. लग्नाला आपण घरातले कपडे घालून जात नाही, म्हणून काही ते फेकून देत नाही ना? तसंच हे.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर दोन रकाने आखले: 'मैत्रिणीला मेसेज' आणि 'मुख्याध्यापकांना अर्ज'. मुलांनीच भराभर शब्द सांगितले. एकीकडे 'पिक्स', दुसरीकडे 'फोटोग्राफ्स'. एकीकडे 'इन्स्टा', दुसरीकडे पूर्ण नाव. तासभर व्याख्यान देऊन जे झालं नसतं, ते पंधरा मिनिटांत झालं.

आणि मीही शिकले. 'डीएम' म्हणजे खाजगी संदेश. 'फिन्स्टा' म्हणजे फेक आणि इन्स्टा मिळून झालेला शब्द. मोजक्या मित्रांसाठी काढलेलं दुसरं खातं. पालकहो, हा शब्दच माहीत नसेल, तर आपण मुलांना त्याबद्दल विचारणार तरी कसं? मुलांच्या शब्दांना नुसतं हसलो किंवा रागावलो, तर ते शब्द बंद होत नाहीत, आपल्यासमोर बोलणं बंद होतं.

त्या मुलीचे दोन गुण मी परत दिले नाहीत, कारण अर्जात ते शब्द बसत नव्हते. पण 'चूक' हा शेरा खोडून 'शब्द बरोबर, जागा बदल' असं लिहिलं.

आज जेवताना आपल्या मुलाला असा एखादा शब्द विचारून बघा. तपासणीच्या सुरात नको, शिकणाऱ्याच्या सुरात.