आकाश कोणाच्या बापाचे?

रावेतच्या बंधाऱ्यावर पवनेचे पाणी उचलले जाते आणि निगडीच्या शुद्धीकरण केंद्रातून ते पिंपरी-चिंचवडच्या घरोघरी पोहोचते. नोव्हेंबर 2019 पासून हे पाणी शहराला दिवसाआड मिळू लागले. याच परिसरात माध्यमांचे शिक्षण घेणारी एखादी मुलगी कॅम्पस रेडिओच्या माइकसमोर बसली, तर उद्या कोणत्या भागात पाणी येणार नाही हे ती खुशाल सांगू शकते. मात्र तशी सूचना पालिकेकडून आलेली हवी. पवना धरण भरल्यावरही पाणी रोज का येत नाही, असे तिने अधिकाऱ्याला गाठून विचारले आणि ते उत्तर प्रसारित केले, तर मात्र ते 'बातमी व चालू घडामोडी' ठरते. त्याला केंद्र सरकारची मनाई आहे. सूचना वाचा, प्रश्न विचारू नका! याला आम्ही नियम म्हणणार नाही. ही मुस्कटदाबी आहे, आणि पत्रकारिता शिकायला आलेल्या पोरांची मुस्कटदाबी आहे.

या बंदीला कायद्याच्या आत्म्याचा आधार नाही. 9 फेब्रुवारी 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निकाल दिला, आणि तो देणाऱ्या खंडपीठावर न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. महाराष्ट्राच्या या सुपुत्राने सरकारची मक्तेदारी अमान्य करून आकाश जनतेच्या हवाली केले. सरकारने ते जनतेला दिले कसे? हप्त्याहप्त्याने, हात आखडून! निकालानंतर तब्बल नऊ वर्षांनी, 2004 मध्ये, चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात देशातले पहिले कॅम्पस रेडिओ केंद्र सुरू झाले. पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी' 2005 मध्ये आली. शिक्षणसंस्थांबाहेरच्या सामाजिक संस्थांना सामुदायिक रेडिओचे दार उघडले ते 2006 मध्ये. क्षेपकाची ताकद शंभर वॅट, आवाज पोहोचणार काही किलोमीटर. एवढ्याशा आवाजाचीही दिल्लीला धास्ती वाटली आणि बातमी वगळूनच परवानगी देण्यात आली.

राष्ट्रीय सुरक्षेचे कारण पुढे केले जाते. हे कारण खोटे आहे! चोवीस तास आरडाओरडा करणाऱ्या वृत्तवाहिन्यांना परवाने देताना ही सुरक्षा आडवी आली नाही. रावेतजवळच्या मुकाई चौकात मोबाइल धरून उभा राहिलेला कोणीही यूट्यूबवरून अर्ध्या जगाला काहीही सांगू शकतो. त्याला ना पत्ता विचारला जातो, ना नाव. आणि ज्या केंद्राचा पत्ता, परवाना, प्राचार्य, पूर्ण जबाबदारी सरकारदरबारी नोंदलेली आहे, त्यानेच तोंड शिवून बसायचे! सुरक्षेला धोका असेल तर तो बेनामी आवाजाचा असेल. नाव सांगून बोलणाऱ्या विद्यार्थ्याचा कसा?

पन्नास वर्षांपूर्वी याच देशाच्या सरकारी यंत्रणेला अधिक धाडस होते. 1975 मध्ये गुजरातच्या खेडा जिल्ह्यात, पीज गावच्या छोट्या दूरचित्रवाणी केंद्रावरून किमान वेतन, अस्पृश्यता, शेतमजुरांची पिळवणूक हे विषय गावकऱ्यांच्याच तोंडून मांडले गेले. देश बुडाला नाही. उलट त्या प्रयोगाची युनेस्कोने पुरस्कार देऊन दखल घेतली.

पण दिल्लीवर आसूड ओढून आमचे समाधान होणार नाही. महाविद्यालयांनाही आमचे विचारणे आहे. माहितीपत्रकावर कॅमेरे, दिवे, साउंडप्रूफ स्टुडिओ छापायचे, पालकांकडून भरभक्कम फी घ्यायची. आणि तो स्टुडिओ आठवड्यात किती तास विद्यार्थ्यांच्या हातात असतो, हे मात्र छापायचे नाही! कॅमेरा तपासणी समितीपुढे मांडून ठेवण्याची वस्तू आहे काय? एडिट मशीनवर एका बॅचमागे किती जण बसतात? मुलाने कॅमेरा घेऊन गेटबाहेर जायचे म्हटले तर किती सह्या लागतात? वृत्तबंदी केवळ रेडिओपुरती आहे. वर्गातल्या प्रॅक्टिकलवर, विद्यार्थ्यांच्या माहितीपटावर कोणत्याही सरकारने बंदी घातलेली नाही. ती घातली आहे ती संस्थाचालकांच्या भीतीने. पालिका नाराज होईल, कारखानदार देणगी थांबवेल, या भयाने विषय निवडतानाच कात्री चालते आणि फेस्टिव्हलचे शूटिंग, वार्षिक संमेलनाचे शूटिंग, पाहुण्यांच्या सत्काराचे शूटिंग यातच तीन वर्षे संपतात. कॉर्पोरेट फिल्म करून किंवा लग्नाचे व्हिडिओ काढून पोट भरण्यात कमीपणा नाही, ते कष्टाचे काम आहे. पण तेवढेच येत असलेली पोरे बाहेर काढायची आणि पदवीवर पत्रकारिता लिहायची, ही फसवणूक आहे.

विषयांचा काय दुष्काळ आहे? डिसेंबर 2023 मध्ये तळवड्यात केकवरच्या शोभेच्या मेणबत्त्या बनवणाऱ्या कारखान्याला आग लागून कामगार स्त्रिया होरपळून मेल्या. परवानगी कोणाची, तपासणी कोणी केली, हे विचारायला कॅमेरा खांद्यावर घेऊन किती विद्यार्थी गेले, किती प्राध्यापकांनी त्यांना पाठवले? इंद्रायणीवर पांढऱ्या फेसाचे थर तरंगतात, आळंदीत वारकरी त्याच पाण्यात उतरतात. चाकणच्या कारखान्यांत कंत्राटी कामगार शिफ्टमागून शिफ्ट काढतात. 2011 च्या जनगणनेतच सतरा लाखांवर गेलेल्या पिंपरी-चिंचवडला स्वतःचे आकाशवाणी केंद्र नाही. इथला आवाज पुण्याच्या शेपटीला बांधलेला, आणि तो सोडवायला ज्यांना शिकवायचे त्यांनाच आपण गप्प बसायला शिकवतो!

गप्प न बसल्याने काय होते, ते पुण्यात दिसले आहे. 2021 मध्ये रानडे इन्स्टिट्यूटमधला पुणे विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग त्याच विद्यापीठाच्या दुसऱ्या विभागात विलीन करण्याचा घाट घातला गेला, तेव्हा विद्यार्थी आणि माजी विद्यार्थी उभे ठाकले आणि तो घाट थांबला. रावेत-आकुर्डीच्या विद्यार्थ्यांनी हे लक्षात घ्यावे. प्रवेशाच्या वेळी स्टुडिओचे वेळापत्रक लेखी मागावे, मिळाले नाही तर फीची पावती दाखवून जाब विचारावा. प्राचार्यांनी सामुदायिक रेडिओवरची वृत्तबंदी उठवण्याची मागणी सहीनिशी माहिती व प्रसारण मंत्रालयाला धाडावी, आणि मावळ व शिरूरच्या खासदारांनी ती संसदेत मांडावी. ज्यांना सही करण्याची भीती वाटते, त्यांनी माध्यम विभागाची पाटी आजच उतरवावी!