पद्मश्री एकाची, फड शंभर जणांचा: तमाशाला पुरस्कारातून नेमकं काय मिळतं?

२५ जानेवारी २०२६ च्या संध्याकाळी पद्म पुरस्कारांची यादी आली आणि संगमनेरचं नाव मोबाइलवर फिरायला लागलं. ज्येष्ठ तमाशा कलावंत आणि फडमालक रघुवीर खेडकर यांना पद्मश्री जाहीर झाली होती. त्याच यादीत पालघर जिल्ह्यातले तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांचंही नाव होतं. महाराष्ट्राच्या दोन लोककला एकाच यादीत आल्यामुळे अभिनंदनाच्या पोस्टचा पाऊस पडला.

अहिल्यानगर जिल्ह्याला पद्म पुरस्कार नवे नाहीत. राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे, हिवरे बाजारचे पोपटराव पवार आणि कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना तो याआधी मिळाला आहे. पण ते सन्मान पाणी, गाव आणि बियाणं यासाठी होते. या वेळी मान मिळाला तो तमाशाला. एकेकाळी ज्या कलेवर सरकारने बंदी घातली होती, तिला.

आनंदाची गोष्ट आहेच. पण त्यामागे एक प्रश्न उभा आहे. पुरस्कार एका माणसाला मिळतो आणि तमाशा एका माणसाचा नसतो. मग पुरस्कारामुळे फडाच्या हिशोबात नेमकं काय बदलतं?

खेडकरांचा फड आला कुठून?

रघुवीर खेडकर यांच्या आई म्हणजे कांताबाई सातारकर. तमाशात पुरुषांची कामं करणाऱ्या, छत्रपती शिवाजी महाराजांची भूमिका गाजवणाऱ्या कलावंत. तुकाराम खेडकर यांच्या फडात त्यांनी नाव कमावलं. पुढे त्यांच्याशी लग्न झालं. तुकाराम खेडकर यांच्या निधनानंतर १९६० च्या दशकाच्या अखेरीस कांताबाईंनी स्वतःचा फड उभा केला आणि मुक्काम संगमनेरला ठेवला. रघुवीर याच फडात वाढले, बोर्डावर उभे राहिले आणि नंतर फड चालवू लागले.

राज्य सरकारने तमाशासाठी विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार सुरू केला, तेव्हा २००६ चा पहिला पुरस्कार कांताबाईंना मिळाला. मे २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, त्यांचं निधन झालं. तेव्हा राज्यातल्या फडांचा सलग दुसरा हंगाम वाया गेलेला होता.

संगमनेर आणि तमाशाचं नातं किती जुनं?

पेशवाईतले प्रसिद्ध शाहीर अनंत फंदी संगमनेरचे. त्यांचा जन्म १७४४ चा. त्यांच्याबद्दल एक गोष्ट पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. ते अहिल्याबाई होळकरांना भेटायला गेले. अहिल्याबाईंनी त्यांच्या बुद्धीचं कौतुक केलं, पण ही बुद्धी तमाशापेक्षा देवाच्या कामी लावा असंही सुचवलं. फंदींनी म्हणे डफ फोडला आणि कीर्तन धरलं. ज्या अहिल्याबाईंच्या नावावरून २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव बदललं, त्यांचीच ही आख्यायिका.

शब्दशः खरी असो वा नसो, ती कलावंताच्या मानाबद्दल बरंच सांगून जाते. कौतुक होतं, पण तुमचा तमाशा सोडून.

संगमनेर तालुक्यातल्याच हिवरगाव पावसा गावच्या पवळाबाई. पठ्ठे बापूरावांबरोबर त्यांची जोडी महाराष्ट्रभर गाजली. बायकांच्या भूमिका नाच्या पोरं करत त्या काळात बोर्डावर उभ्या राहिलेल्या सुरुवातीच्या स्त्रियांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं. तंबू गर्दीने भरवणाऱ्या या दोघांचीही अखेरची वर्षं हलाखीत गेली.

स्वातंत्र्यानंतर मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांच्या सरकारने अश्लीलतेचं कारण देत तमाशावर बंदी आणली. पुढे ती उठली, पण संहिता तपासून घेण्याची अट आली. बंदीपासून पद्मश्रीपर्यंतचा हा प्रवास पाहिला तर २०२६ च्या यादीतलं ते एक नाव किती लांबून आलंय, हे लक्षात येतं.

पुरस्कारात मिळतं काय?

पद्मश्रीसोबत राष्ट्रपतींच्या सहीचं सन्मानपत्र आणि पदक मिळतं. रोख रक्कम मिळत नाही. रेल्वे किंवा विमान प्रवासात सवलत नसते. पद्मश्री हा शब्द नावाआधी पदवीसारखा लावता येत नाही, हेही सरकारने स्पष्ट केलेलं आहे.

संगीत नाटक अकादमी पुरस्कारात १ लाख रुपये आणि ताम्रपत्र असतं. चाळिशीच्या आतल्या कलावंतांसाठी अकादमीचा उस्ताद बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्कार आहे, त्याची रक्कम २५ हजार.

राज्याच्या विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्काराची रक्कम अनेक वर्षं ५ लाख रुपये होती, नंतर ती वाढवण्यात आली. याशिवाय लोककला, तमाशा, शाहिरी, कीर्तन, आदिवासी कला अशा विभागांत राज्य सांस्कृतिक पुरस्कार दिले जातात.

हे सगळे पुरस्कार प्रतिष्ठा देतात, आणि तमाशात प्रतिष्ठा ही छोटी गोष्ट नाही. ज्या घरातल्या मुली नाचतात म्हणून त्यांच्याकडे वाकड्या नजरेने पाहिलं गेलं, त्या घराला राष्ट्रपती भवनाचं आमंत्रण येतं. गावच्या यात्रा कमिटीशी बोलताना फडमालकाचा शब्द थोडा जड होतो. हा फायदा पैशात मोजता येत नाही, पण तो खरा आहे.

मग अडतं कुठे?

अडतं फडाच्या हिशोबात. मोठ्या ढोलकी फडाच्या तमाशात शंभराच्या आसपास माणसं असतात. सोंगाड्या, नाचणाऱ्या मुली, ढोलकीवाला, हलगीवाला, गायक, वगातली पात्रं ही झाली बोर्डावरची. त्यांच्याशिवाय तंबू ठोकणारे, लाइट आणि साउंड सांभाळणारे, ट्रक चालवणारे, तिकीट फाडणारे आणि सगळ्यांसाठी भाकऱ्या थापणारे असतात.

फड दसऱ्याच्या सुमारास बाहेर पडतात. चैत्र-वैशाखातल्या जत्रा हा कमाईचा खरा काळ. पावसाळ्यात सगळं बंद. संगमनेरहून पुण्याच्या रस्त्याला लागलं की वाटेत नारायणगाव येतं. तिथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावच्या यात्रा कमिट्या येतात आणि सुपाऱ्या ठरतात.

हंगाम सुरू होण्याआधी फडमालक कलावंतांना उचल देतो, म्हणजे आगाऊ रक्कम. त्यावर त्या घराचा पावसाळा निघतो. ही उचल द्यायला मालक स्वतः कर्ज काढतो आणि जत्रांच्या सुपाऱ्यांतून ते फेडतो. म्हणजे पुढच्या वर्षीचं उत्पन्न या वर्षीच खर्च झालेलं असतं.

२०२० मध्ये गुढीपाडव्याच्या तोंडावर लॉकडाउन लागला आणि हेच गणित कोसळलं. उचल वाटून झाली होती, जत्रा झाल्याच नाहीत. २०२१ चा हंगामही गेला. नंतर राज्य सरकारने कलावंतांना एकदाच प्रत्येकी ५ हजार रुपयांची मदत दिली.

आता साधं गणित करून पाहू. ५ लाखांचा जीवनगौरव पुरस्कार शंभर माणसांच्या फडात वाटला, तर माणशी येतात ५ हजार. अर्थात तो वाटण्यासाठी दिलेला नसतो, एका आयुष्याच्या कामाचा तो मान असतो. पण फड वाचवण्याचं काम त्या रकमेवर टाकता येत नाही, एवढं यातून कळतं.

दहाच्या नियमाचा काय संबंध?

ध्वनिप्रदूषणाच्या नियमानुसार रात्री १० नंतर लाऊडस्पीकर बंद करावा लागतो. वर्षातले काही ठरावीक दिवस राज्य सरकार ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकतं, पण ही मुभा वर्षाला जास्तीत जास्त १५ दिवसांची. प्रत्येक गावच्या जत्रेची तारीख त्यात बसणं शक्य नाही.

तमाशाची रचना पाहिली तर याचा फटका कुठे बसतो ते दिसतं. आधी गण, मग गवळण, बतावणी, मग रंगबाजी आणि शेवटी वग. वग म्हणजे तमाशातलं नाटक. अभिनयाचा कस तिथे लागतो. कांताबाईंसारख्या कलावंतांचं नाव झालं ते वगामुळे. वेळ कमी पडली की कात्री लागते ती याच भागाला, आणि उरतात सिनेमाची गाणी.

पुरस्काराच्या मानपत्रात ज्या परंपरेचा गौरव होतो, ती सादर करायला रात्रच उरत नाही. लोकांची झोप आणि रुग्णांचा त्रास हा मुद्दाही खराच आहे, त्यामुळे नियम मोडा हे उत्तर नाही. कार्यक्रम लवकर सुरू करणं, जत्रेसाठी गावाबाहेरची जागा ठरवणं, वर्षातले सवलतीचे दिवस ठरवताना जत्रांचा हंगामही विचारात घेणं, अशा वाटा आहेत. त्या ठरवायच्या असतात जिल्हा प्रशासनाने आणि गावांनी, पुरस्कार समितीने नव्हे.

ज्यांच्या नावाने पुरस्कार, त्यांचं काय झालं?

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर या तमाशासम्राज्ञी. १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींकडून त्यांचा गौरव झाला. २००२ मध्ये त्या गेल्या, तेव्हा दवाखान्याचा खर्च लोकांच्या मदतीतून भागवावा लागला होता. त्यानंतर त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू झाला.

त्याच पुरस्काराच्या यादीत संगमनेरचं नाव पुन्हा येतं. ज्येष्ठ लावणी कलावंत गुलाबबाई संगमनेरकर यांना तो मिळाला तेव्हा त्या नव्वदीच्या उंबरठ्यावर होत्या, आणि तीन वर्षांचे पुरस्कार एकत्र जाहीर झाले होते. २०२२ मध्ये त्यांचं निधन झालं. जीवनगौरव उतारवयातच मिळणार हे मान्य. पण ज्या पुरस्कारासाठी वय हीच मोठी अट आहे, तो दरवर्षी वेळेवर देणं ही किमान अपेक्षा आहे.

वृद्ध कलावंतांसाठी योजना नाही का?

आहे. राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन योजनेत २०२४ पासून सरसकट महिन्याला ५ हजार रुपये दिले जातात. त्याआधी अ, ब, क अशा श्रेणी होत्या आणि रक्कम कमी होती. ही वाढ महत्त्वाची आहे.

पण अटी पाहा. वय ५० पूर्ण हवं, कलाक्षेत्रात किमान १५ वर्षं काम हवं, वार्षिक उत्पन्न ६० हजारांच्या आत हवं. एका जिल्ह्यातून वर्षाला जास्तीत जास्त १०० जणांची निवड होते. म्हणजे जिल्ह्यातले साहित्यिक, कीर्तनकार, भजनी, गोंधळी, शाहीर आणि तमाशा कलावंत या सगळ्यांसाठी मिळून एका मोठ्या फडाइतक्या जागा.

दुसरी अडचण कागदाची. १५ वर्षं काम केल्याचा पुरावा कुठून आणायचा? फडाच्या पोस्टरवर नाव असतं मालकाचं आणि दोन-चार मुख्य कलावंतांचं. मागे उभं राहून साथ धरणाऱ्याचं नाव कुठेच छापलेलं नसतं. आणि नाचणाऱ्या बाईचं काम बहुतेक वेळा पन्नाशीच्या बरंच आधी थांबतं. मधली वर्षं ती काय करणार, याचं उत्तर योजनेत नाही.

इतर देश काय करतात?

जपानमध्ये १९५० च्या कायद्यानुसार पारंपरिक कला जपणाऱ्यांना सरकार मान्यता देतं. लोक त्यांना जिवंत राष्ट्रीय ठेवा म्हणतात. त्यांना दरवर्षी २० लाख येन मिळतात, ते कला टिकवण्यासाठी आणि पुढची पिढी घडवण्यासाठी. शिवाय फक्त व्यक्तीलाच नाही, कलावंतांच्या समूहालाही मान्यता मिळू शकते.

कॅनडात २००५ पासून कॅनेडियन फोक म्युझिक अवॉर्ड्स दिले जातात. तिथे गायक, वादक, वाद्यवृंद, गीतकार, निर्माता आणि तरुण कलावंत असे वेगवेगळे विभाग आहेत. आदिवासी गीतकारांसाठी वेगळा विभाग आहे. त्यामुळे गाणं लिहिणारा आणि साथ करणारा गायकाच्या सावलीत राहत नाही.

आपल्याकडेही असा विचार अधूनमधून दिसतो. २०१८ चा विठाबाई पुरस्कार बशीर मोमीन कवठेकर यांना मिळाला. ते वग आणि लावण्या लिहिणारे लेखक. पण ढोलकी, हलगी किंवा सोंगाड्याचं काम यासाठी दरवर्षीचा स्वतंत्र पुरस्कार असावा आणि संपूर्ण फडालाही मान मिळावा, ही कल्पना काही अवघड नाही.

सामान्य माणूस यात काय करू शकतो?

पद्म पुरस्कारासाठी कोणताही नागरिक ऑनलाइन नामांकन करू शकतो. साधारणपणे ३१ जुलैपर्यंत मुदत असते आणि त्या व्यक्तीच्या कामाबद्दल जास्तीत जास्त ८०० शब्दांत लिहावं लागतं. आयुष्यभर बोर्डावर राहिलेल्या आणि शाळा अर्धवट सुटलेल्या कलावंताला हे ८०० शब्द लिहिणं कठीण जातं. गावातला शिक्षक, कॉलेजमधला विद्यार्थी किंवा पत्रकार हे काम दोन दिवसांत करू शकतो. मानधन योजनेचा अर्ज भरून देणं हे त्याहून सोपं आणि बहुतेक वेळा जास्त गरजेचं असतं.

सरकारकडून होण्यासारखी कामंही साधी आहेत. फडातल्या प्रत्येक माणसाची नावासकट नोंद ठेवणं, ती नोंद मानधनासाठी पुरावा म्हणून मान्य करणं, उचलीसाठी सावकाराऐवजी बँकेचं हंगामी कर्ज उपलब्ध करणं. शेतकऱ्याला पीककर्ज मिळतं, कारण त्याचं उत्पन्न हंगामात येतं. फडाचंही उत्पन्न हंगामातच येतं.

रघुवीर खेडकरांच्या पद्मश्रीमुळे तमाशाकडे पुन्हा लक्ष गेलं आहे. पुढच्या पाडव्याला नारायणगावात किती राहुट्या लागतात आणि किती सुपाऱ्या ठरतात, यावरून त्या लक्षाचा फडांना किती उपयोग झाला ते कळेल.