मालकावाचून कारभार

आमच्या शाळेच्या दोन खोल्यांचे छप्पर सन २०२१ च्या पावसात गळू लागले. आमच्या गटातून निवडून आलेल्या जिल्हा परिषद सदस्या चिखल तुडवीत शाळेत आल्या, दप्तर डोक्यावर धरून बसलेली मुले त्यांनी डोळ्यांनी पाहिली. बाई फारशा शिकलेल्या नाहीत. पण सभेत उभे राहून 'आमच्या पोरांच्या डोक्यावर पाणी का?' असे साहेबांस विचारावयास पदवी लागत नाही. त्यांनी विचारले, आणि दुरुस्तीचा कागद हलला. इतक्यात मार्च २०२२ उजाडला, परिषदेची पाच वर्षांची मुदत सरली, बाई घरी बसल्या आणि कागदही बसला. पुढे तीन पावसाळे आम्ही ताडपत्रीखाली शिकविले. अखेर गावकऱ्यांनी वर्गणी काढून पत्रे घातले. बाई बाजारात भेटत तेव्हा म्हणत, "गुरुजी, मी आता कोण म्हणून कचेरीत जाऊ?"

हा प्रश्न एकट्या बाईंचा नव्हे. महाराष्ट्रातील बहुतेक जिल्हा परिषदा, पंचायत समित्या आणि मुंबईपासून लहान गावापर्यंतच्या नगरसंस्था तीन वर्षांहून अधिक काळ लोकांच्या सदस्यांवाचून चालविल्या गेल्या. घटनेचे कलम २४३-ई स्पष्ट सांगते की, पंचायतीची मुदत पाच वर्षे, त्याहून अधिक नाही, आणि मुदत संपण्यापूर्वीच नवी निवडणूक पुरी झाली पाहिजे. संस्था बरखास्त केली तरी सहा महिन्यांच्या आत निवडणूक घ्यावी लागते. हे कलम सन १९९३ पासून अमलात आहे. आमच्या शाळेतील मूल एक दिवस उशिरा आले तर हजेरीपटावर खूण होते. सरकार तीन वर्षे उशिरा आले, त्याची खूण कोणत्या पटावर झाली?

प्रशासक म्हणजे काय, हे शेतकरी बंधूंनी नीट समजून घ्यावे. एरवी खर्चाचा प्रस्ताव अधिकारी मांडतो, स्थायी समिती अगर सर्वसाधारण सभा तो तपासते, आणि एखादा खवट सदस्य 'हा रस्ता त्याच वाडीला दुसऱ्यांदा का?' म्हणून विचारतो. प्रशासकाच्या राज्यात मुख्य कार्यकारी अधिकारीच मांडणार, तोच सभा होणार, तोच मंजुरी देणार. मागणारा तोच आणि देणाराही तोच, मग हिशेब पुसणार कोण? अधिकारी प्रामाणिक नसतात असे आमचे म्हणणे नाही. कित्येक फार कष्टाळू असतात. परंतु त्यांची बदली मुंबईहून होते, आमच्या मतपेटीतून होत नाही. त्यांचे कान साहजिकच मुंबईकडे असतात.

सरकार म्हणते, न्यायालयात प्रकरण होते. होते खरे. सन २०२१ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने, तपशीलवार माहिती गोळा केल्यावाचून इतर मागासवर्गाचे स्थानिक आरक्षण टिकणार नाही, असा निकाल दिला. ती माहिती वेळीच गोळा करणे हे सरकारचे काम होते. ते न करता आधी वटहुकूम काढला, तो डिसेंबर २०२१ मध्ये स्थगित झाला. पुढे बांठिया आयोग आला, आणि २० जुलै २०२२ रोजी न्यायालयाने त्याच्या अहवालाप्रमाणे निवडणुका घेण्याचा मार्ग मोकळा केला. मग त्यानंतरही जवळजवळ तीन वर्षे काय अडले? अडले ते प्रभागांच्या खेळात. मार्च २०२२ मध्ये प्रभाग पाडण्याचा अधिकार निवडणूक आयोगाकडून काढून सरकारकडे घेण्याचा कायदा झाला, तो एकमताने झाला. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष या कामी भाऊभाऊ झाले! एका सरकारने मुंबईच्या जागा २२७ च्या २३६ केल्या, दुसऱ्याने आल्याबरोबर पुन्हा २२७ केल्या. त्यावर दावे, दाव्यांवर 'जैसे थे' चा हुकूम, आणि तारखांवर तारखा. न्यायालयाकडेही या विलंबाचा वाटा जातो, हे आम्ही भीत भीत का होईना म्हणणारच.

या सर्व काळात निवडणुकीची यंत्रे गंजली होती काय? डिसेंबर २०२२ मध्ये हजारो ग्रामपंचायतींचे मतदान झाले. सन २०२४ मध्ये लोकसभेचे आणि विधानसभेचे झाले. त्याच शाळा, तीच बाके, तेच आम्ही मास्तर, रात्री शाळेतच पथारी टाकून सकाळी सातास मतदान सुरू करणारे. ज्या निवडणुकीने मुंबई-दिल्लीची गादी मिळते तिला अडचण येत नाही. ज्या निवडणुकीने गावच्या शाळेचे छप्पर मिळते तिलाच नेमकी येते.

आणि झीज कोणाची झाली? ज्यांचे नाव पुढे करून हा विलंब चालला, त्या मागासवर्गाचीच. या संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. जोतीरावांनी सन १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे गाऱ्हाणे घातले होते की, रयतेच्या कराचा पैसा रयतेच्या मुलांच्या शिक्षणास लागत नाही. पुढे लोकलबोर्डात आणि स्कूलबोर्डात शिरून बहुजनसमाजाने त्या पैशावर नजर ठेवावयास प्रथम सुरुवात केली. ज्या पायरीवरून आमचे बापजादे वर चढले, नेमकी तीच पायरी काढून ठेवली गेली. आणि आमच्यातले पुढारी, जे तीच पायरी चढून विधानसभेत बसले, ते मुकाट राहिले. त्यांस आपल्या मतदारसंघात दुसरा कारभारी नकोच होता, अशी शंका आम्हांस येते. ती खोटी ठरली तर आम्ही आनंदाने शब्द मागे घेऊ.

शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून बजाविले, तरीही मुदत वाढवून घ्यावी लागली, आणि ३१ जानेवारी २०२६ ही अखेरची तारीख पडली. बहुतेक नगरपालिकांचे मतदान २ डिसेंबर २०२५ रोजी व महानगरपालिकांचे १५ जानेवारी २०२६ रोजी झाले. गुलाल उधळला गेला. आम्हांसही आनंद झाला. पण गेलेल्या वर्षांचे काय, हे त्या ढोलताशांत कोणी विचारले नाही.

आमचे मागणे साधे आहे. मुदत संपल्यावर सहा महिन्यांपलीकडे प्रशासकास एक दिवसही राहता येऊ नये, असे कायद्यात लिहावे. आणि तोवर त्याने नवे मोठे खर्च न काढता पगारपाणी व चालू कामे तेवढी पाहावीत. प्रभाग पाडण्याचे काम सरकारने आपल्या हाती मुळीच ठेवू नये. नव्याने निवडून येणाऱ्या सदस्यांनी हारतुरे उतरवून पहिल्याच सभेत प्रशासकाच्या काळातील प्रत्येक मंजुरीची यादी मागावी व ती मोठ्याने वाचून घ्यावी. आमच्या शाळेचा कागदही कपाटात कोठे असेल तो पाहावा. त्यावर तारीख नोव्हेंबर २०२१ ची आहे.