पट्ट्यांचे पांघरूण आणि 'प्रादेशिक रंग'

क्रोशाने विणलेल्या पट्ट्यापट्ट्यांच्या पांघरुणाला एखाद्या प्रदेशाचे नाव देण्याची रीत आता आपल्याकडेही रुळू लागली आहे. 'सह्याद्री', 'माणदेश', 'कोकणकिनारा' अशा धर्तीची ही नावे असतात, आणि खाली एक ठरीव ओळ असते : अमुक प्रदेशाच्या निसर्गावरून व इतिहासावरून प्रेरित. निसर्ग म्हणजे हिरवा, निळा आणि तांबूस तपकिरी. इतिहास म्हणजे बहुधा एक भगवा पट्टा. प्रत्येक पट्टा सहा-सहा ओळींचा, कडेने शिंपल्यांची नक्षी. पांघरूण देखणे असते, विणकाम नेटके असते, ऊब तर असतेच. यांपैकी कशालाही आमचा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो 'प्रेरित' या शब्दाला. तो केवळ विणणाऱ्यांपुरता मर्यादित राहत नाही. महाविद्यालयांत मराठी शिकवणाऱ्या आम्हा मंडळींवरही तो तितकाच येऊन आदळतो. म्हणूनच या पानावर त्याची चर्चा करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. पट्टा ही सोपी पण अतिशय कडक रचना आहे. साखळी घालून झाली की ओळीमागून ओळ चढत जाते; वेलबुट्टीला तीत वाव नसतो. निर्णय उरतात ते दोनच : रंग कोठे बदलायचा आणि तो किती ओळी चालवायचा. हे दोन निर्णय जर प्रदेशाने घेतले नसतील, 'कसे दिसते' एवढ्यावरच ते झाले असतील, तर त्या पांघरुणात प्रदेशाचे फक्त नाव आले आहे. प्रदेश बाहेरच राहिला आहे.

उदाहरणासाठी सातारा जिल्हा घेऊ. पश्चिमेच्या टोकाला महाबळेश्वर, पूर्वेच्या टोकाला माण तालुक्यातले म्हसवड. एसटीने एका दिवसात सहज पार होणारे हे अंतर आहे. महाबळेश्वरास वर्षाकाठी सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो. म्हसवडच्या वाट्याला पाचशेच्या आसपास, आणि पुष्कळदा तेवढाही नाही. शंभर मिलिमीटरांना एक ओळ असा साधा नियम धरला, तर महाबळेश्वराच्या पट्ट्याला पंचावन्न ओळी लागतील आणि म्हसवडच्या पट्ट्याला पाच. असे पांघरूण विणून पाहावे. ते बेढब होईल. एका बाजूला हिरव्याचे अजीर्ण आणि दुसऱ्या बाजूला बोटभर पिवळा. पण पर्जन्यछाया हा भूगोलाच्या पुस्तकातला शब्द त्या बेढबपणात हाताला लागेल. सहा-सहा ओळींच्या समान पट्ट्यांत तो लागत नाही, कारण तेथे सर्वांना समान वाटा मिळालेला आहे. प्रत्यक्षात जे वाटप झालेच नाही ते पांघरुणावर झालेले दिसते, आणि आपण त्याला सौंदर्य म्हणतो.

इतिहासाचे तर विचारूच नये. याच जिल्ह्यात कोयना धरण आहे. कृष्णेच्या खोऱ्यातले पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेकडे पोफळीला सोडून त्यावर वीज केली जाते. पाणीतंटा लवादाच्या निवाड्यानुसार वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी असे वळवता येते. ते पुढे अरबी समुद्राला मिळते. त्याच कृष्णेच्या खोऱ्यात, पूर्वेकडे, माणगंगेचे कोरडे पात्र आहे. अलीकडच्या उपसा योजनांनी माणदेशाच्या काही भागांत पाणी पोचू लागले आहे, हे खरे. परंतु हिरवा पट्टा आणि पिवळा पट्टा यांच्यात काही देणेघेणे, काही तंटा, काही राजकारण आहे, याचा मागमूस 'प्रेरित' पांघरुणात नसतो. तेथे दोघे शेजारी गुण्यागोविंदाने नांदतात. १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला बसलेली माणसे, १९६७च्या डिसेंबरातला कोयनेचा भूकंप, धरणासाठी उठलेली गावे, यांतले काहीच त्या भगव्या पट्ट्यात मावलेले नसते.

पट्ट्यांकडून आम्ही भलतीच अपेक्षा करीत आहोत, असे येथे कोणी म्हणेल. तसे नाही. इंग्लंडातल्या रेडिंग विद्यापीठात हवामानशास्त्राच्या प्राध्यापक असलेल्या एली हायवूड यांनी २०१७ साली क्रोशानेच एक पट्ट्यांचे पांघरूण पुरे केले. प्रत्येक पट्टा एका वर्षाचा. त्याचा रंग त्या वर्षीच्या जगाच्या सरासरी तापमानावरून ठरलेला. थंड वर्षांना थंड रंग, उष्ण वर्षांना उष्ण. त्यांच्याच विद्यापीठातल्या एड हॉकिन्स यांनी पुढल्या वर्षी, २०१८ साली, जे निळ्या-तांबड्या उभ्या पट्ट्यांचे तापमानचित्र सिद्ध केले आणि जे आज जगभर ओळखले जाते, त्याच्या प्रेरणांत या पांघरुणाची गणना होते. या पांघरुणात शेवटाकडे तांबडे रंग दाटत गेले ते विणणारीच्या आवडीने नव्हे. आकड्यांनीच तसे भाग पाडले. शेवट जरा निळसर केला असता तर समतोल साधला असता, आणि पांघरूण खोटे झाले असते. क्रोशाच्या सुईला युक्तिवाद पेलतो, याचा याहून चांगला दाखला आम्हांस ठाऊक नाही.

नियम नसलेल्या पट्ट्यांचे काय होते याचाही दाखला आहे. कॅनडातली हडसन्स बे कंपनी १६७० साली स्थापन झाली, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीपासून ती पांढऱ्या लोकरीवर हिरवे, तांबडे, पिवळे व निळे पट्टे असलेली कांबळी फरच्या व्यापारात विकू लागली. त्या कांबळ्यांच्या कडेला छोट्या रेघा असत आणि त्यांवरून कांबळ्याचे आकारमान कळे. म्हणजे रेघांना नेमका अर्थ होता. चार रंगीत पट्ट्यांना तसा नव्हता. त्यामुळे ज्याला जे हवे ते त्याने त्यांत वाचले : कोणी उत्तरेचे अरण्य आणि सूर्य पाहिला, कोणी राष्ट्राचा अभिमान, मूळ रहिवाशांतल्या अनेकांना त्यांत आपल्या भूमीवर चाललेला व्यापार आणि देवीची साथ दिसली. आज क्रोशाने विणायचे जे असंख्य नमुने याच चार रंगांवर बेतलेले असतात, त्यांत यातले काय येते? २०२५च्या जूनपर्यंत कंपनीची सारी दुकाने बंद झाली आणि पट्ट्यांवरचे हक्क दुसऱ्या एका किरकोळ विक्रीच्या कंपनीने विकत घेतले. ज्या पट्ट्याचा अर्थ विणणाऱ्याने बांधून ठेवलेला नसतो, त्याचा अर्थ अखेर मालक ठरवतो.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप ठरलेला असतो : हा फावल्या वेळेतला छंद, त्याच्यामागे हिशेबाचा आणि समीक्षेचा जाच कशाला? या 'फावल्या वेळे'चा इतिहास मोठा बोलका आहे. आंध्रातल्या नरसापूरच्या बायका क्रोशाची लेस विणतात, आणि ती दूरदूरच्या बाजारपेठांत जाते. मारिया मीस यांनी त्यांच्यावर लिहिलेले पुस्तक १९८२ साली प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी दाखवून दिले ते हेच, की या बाया 'घरी बसलेल्या' आणि त्यांचे काम 'फावल्या वेळेतले' अशी एकदा समजूत करून घेतली, की दिवसाचे कित्येक तास चालणाऱ्या श्रमाला श्रमाचा मोबदला देण्याचे कारण उरत नाही. समीक्षेतही नेमके हेच घडते. बाईच्या हातचे काम म्हणून त्याला 'छान' म्हणायचे आणि पुढे सरकायचे, यात आदर आहे असे ज्यांना वाटते त्यांच्याशी आमचा उघड मतभेद आहे. एखाद्या कवितासंग्रहावर जितक्या कठोरपणे आपण बोलतो तितक्याच कठोरपणे या पांघरुणावर बोलणे, हाच त्याचा मान आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : कलेला आकडेवारीच्या दावणीला बांधता येत नाही. आम्ही एवढेच विचारतो की वृत्ताच्या दावणीला बांधलेली कविता मेली काय? मराठीत 'छंद' हा शब्द आवडीलाही आहे आणि पद्याच्या बंधनालाही आहे. गण आणि मात्रा सांभाळताना कवीला जो शब्द एरवी सुचला नसता तो सुचतो. तसेच पंचावन्न ओळी हिरव्याच विणायच्या असे ठरल्यावर विणणारीला हिरव्यातल्या हिरव्याकडे पाहणे भाग पडते. नाचणीच्या खाचरांचा हिरवा, कारवीचा हिरवा, धुक्याने फिकटलेला हिरवा. नियम हा निरीक्षणाचा शत्रू नाही. अमुकच नियम हवा, असाही आमचा हट्ट नाही. पावसाचा नको असेल तर वर्षांचा घ्या : १८७६ ते २०२५ ही दीडशे वर्षे, वर्षाला एक ओळ, आणि दुष्काळाच्या वर्षांना वेगळा रंग. १८७६-७७, १९७२, २०१२-१३ या ओळी कोठे पडतात आणि त्यांच्यामधले अंतर कसकसे बदलत जाते, हे पांघरूण आपोआप सांगेल.

तिसरी गोष्ट लोकरीची. 'माणदेश' नावाचे पांघरूण ज्या गुंड्यांतून विणले जाते ती बाजारातली लोकर बहुतेक वेळा ॲक्रिलिक असते. म्हणजे तिचा मेंढीशी संबंध नाही. माणदेश तर मेंढरांचा मुलूख. तेथल्या धनगरांनी दख्खनी मेंढ्यांची लोकर कातरावी, बायांनी ती कातावी, सनगरांनी खड्डामागावर घोंगडी विणावी आणि तिला चिंचोक्याची खळ द्यावी, अशी ही जुनी साखळी. त्या काळ्या, राठ लोकरीला आज धड भाव नाही. ती क्रोशाच्या सुईवर सहजी चढत नाही, अंगाला टोचते, हे आम्हांस मान्य आहे. आणि ॲक्रिलिक वापरले म्हणून कोणी भ्रष्ट झाले, असे सोवळे आम्ही पाळत नाही. पण ज्या प्रदेशाचे नाव घ्यायचे त्या प्रदेशाने पांघरुणासाठी काय केले होते, त्याचे पुढे काय झाले, हे नाव देणाऱ्याला ठाऊक असावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. घोंगडीच्या प्रदेशावरून पांघरूण 'प्रेरित' व्हावे आणि त्यात घोंगडीचा उल्लेखही नसावा, ही विस्मृती साधी नव्हे.

आता आमच्या स्वतःच्या घराकडे येतो. 'प्रादेशिक रंग' ही संज्ञा आम्ही वर्गात किती सहज वापरतो! प्रादेशिक साहित्याची प्रश्नपत्रिका घ्यावी आणि पाहावी : कोकण, माणदेश, मराठवाडा, वऱ्हाड, प्रत्येकी एक कादंबरी, प्रत्येकी एक बोली, प्रत्येकाला समान गुण. कोकण म्हणजे तांबडी माती, माणदेश म्हणजे दुष्काळ, वऱ्हाड म्हणजे कापूस. सहा-सहा ओळींचे पट्टे! 'प्रस्तुत कादंबरीत प्रादेशिकतेचे रंग गडद झाले आहेत' हे वाक्य उत्तरपत्रिकांत वर्षानुवर्षे येते आणि आम्ही त्याला गुण देतो. 'बनगरवाडी'तला दुष्काळ हा रंग आहे काय? १९५५ साली पुस्तकरूपाने आलेल्या या कादंबरीचे लेखक व्यंकटेश माडगूळकर स्वतः चित्रे काढीत. रंग म्हणजे काय हे त्यांना आम्हांहून चांगले कळत होते. तरीही त्यांनी दुष्काळ रंगासारखा वापरला नाही. तो त्या धनगरवाडीचा नियम आहे. पाऊस नाही म्हणून चारा नाही, चारा नाही म्हणून मेंढरे नाहीत, मेंढरे नाहीत म्हणून माणसे उठतात, आणि अखेर गाव ओस पडते. प्रदेश येथे कथानकाच्या मागे पडद्यासारखा टांगलेला नाही. कोणती ओळ किती लांबायची हे तोच ठरवतो. ज्या कादंबरीतून प्रदेश काढून घेतला तरी कथानक जसेच्या तसे उभे राहते, ती प्रादेशिक म्हणवून घेऊ लागली तर तिला तोच प्रश्न विचारावा जो आम्ही पांघरुणाला विचारला.

यातून एक साधी सूचना आम्ही करू इच्छितो. विणणाऱ्यांनी पांघरुणाच्या उलट बाजूला कापडाचा एक तुकडा शिवावा आणि त्यावर लिहावे : कोणता रंग कशाचा, एक ओळ म्हणजे किती, लोकर कोठली, विणायला दिवस किती लागले. मराठीच्या विभागांनी प्रादेशिक कादंबरीवरचा एक स्वाध्याय याच पद्धतीने द्यावा : कादंबरीचे पट्टे करा, आणि प्रत्येक पट्ट्याची रुंदी कशाने ठरली ते मजकुरातून सिद्ध करा. ज्या विद्यार्थ्याला हे जमेल त्याला 'प्रादेशिक रंग' या संज्ञेची गरज उरणार नाही. ज्याला जमणार नाही त्याला निदान एवढे कळेल, की आपण आजवर ज्याला प्रदेश म्हणत होतो ती केवळ रंगांची निवड होती. आणि 'प्रेरित' हा शब्द, निदान काही वर्षे, लोकांनी आणि आम्हीही, बाजूला ठेवावा.